गल्ल्यावरील चौकोनाचे माप

दुकानदारीत ज्या वस्तू रोज डोळ्यांसमोर असतात, त्यांच्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी जाते. पाटीवरील अक्षरांचा आकार, गादीची उंची, तराजू ठेवण्याची जागा ही एकदा ठरली की वर्षानुवर्षे तशीच चालतात. गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे गल्ल्यापाशी ठेवलेला, काळ्या-पांढऱ्या बारीक घरांनी भरलेला चौकोन, ज्याला आपण सर्वजण क्यूआर कोड म्हणतो. गिऱ्हाईक आपला मोबाइल त्याच्यापुढे धरते आणि पैसे आपल्या खात्यावर जमा होतात. हा चौकोन केवढा असावा, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता, हे प्रारंभीच कबूल करितो. तो विचार करावयास ज्या प्रसंगाने आम्हांस भाग पाडले, तो आम्हांस भूषणावह नाही. आणि म्हणूनच तो आपल्या व्यापारी बंधुभगिनींपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे कापडाचे दुकान बेळगावात आहे. लग्नसराईत खानापूर व चंदगड या बाजूंची गिऱ्हाइके आमच्याकडे येतात. अशाच एका संध्याकाळी खेड्यातील एक वृद्ध गृहस्थ नातीसाठी कापड घ्यावयास आले. भाव ठरला, कापड फाडून झाले, बिल झाले. जवळची रोख रक्कम थोडी कमी पडत होती. पण मुलाने मोबाइलवरून पैसे देण्याची सोय करून दिली आहे, असे म्हणून त्यांनी पिशवीतून आपला जुना मोबाइल काढला. आमचा चौकोन एका सुबक पितळी चौकटीत बसविलेला होता. भोवती वेलबुट्टी, वर दुकानाचे नाव, खाली निरनिराळी चिन्हे, आणि या सर्व थाटाच्या मधोमध तो इवलासा चौकोन. ही चौकट आम्ही मागच्या फळीवर, काचेआड ठेविली होती. वृद्ध गृहस्थांनी पाच-सहा वेळा मोबाइल पुढे-मागे केला. पाठीमागे गर्दी वाढत होती. आमच्या माणसाने घाईने म्हटले, "आजोबा, तुमचा मोबाइल जुना झालाय." ते गृहस्थ ओशाळले. "राहू द्या, मुलाला घेऊन येतो," असे म्हणून ते पायऱ्या उतरले, ते पुन्हा आले नाहीत. फाडलेले कापड तसेच पडून राहिले.

रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही पट्टी घेऊन चौकोन मोजला. त्याची एक बाजू २२ मिलिमीटर भरली. ते गृहस्थ उभे होते तेथून चौकटीपर्यंतचे अंतर ७५ सेंटिमीटर होते. एवढ्या अंतरावरून एवढा बारीक चौकोन चांगल्या मोबाइलने कदाचित वाचला असता. साध्या मोबाइलने तो वाचावा ही अपेक्षाच चुकीची होती. म्हणजे माप आमचे कमी होते, आणि कमी मापाचा दोष आम्ही गिऱ्हाइकाच्या माथी मारला होता. प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच आहे की, या चौकोनाचा आकार हा शोभेचा प्रश्न नसून मापाचा प्रश्न आहे; आणि माप बरोबर ठेवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नव्हे.

हा चौकोन आला कोठून, हे थोडक्यात सांगितले असता पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल. जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो तयार केला. त्यापूर्वी कारखान्यांत उभ्या रेघांचे बारकोड वापरीत. त्यांत मजकूर फार थोडा मावे, त्यामुळे एका पेटीवर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगारांस ते एकामागून एक वाचावे लागत. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळावयाच्या 'गो' या खेळाच्या पटावरून हारा यांना ही कल्पना सुचली. कंपनीने त्याचे स्वामित्व आपल्याकडे ठेविले. परंतु वापरण्यास कोणास अडविले नाही. आपल्याकडे २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाली, आणि कारखान्यातील पेटीवरचा हा चौकोन भाजीच्या टोपलीपासून सराफाच्या पेढीपर्यंत सर्वत्र जाऊन बसला.

आता त्याच्या रचनेकडे पाहू. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे हा चौकोन घरांचा बनलेला असतो. प्रत्येक घर काळे किंवा पांढरे असते. तीन कोपऱ्यांत जी मोठी चौकटी चिन्हे दिसतात, त्यांवरून चौकोन कोठे आहे आणि त्याची दिशा कोणती, हे मोबाइल ओळखतो. चौकोनाचे एकंदर ४० प्रकार आहेत. सर्वांत लहान प्रकारात एका बाजूस २१ घरे असतात, पुढील प्रत्येक प्रकारात बाजूस ४ घरे वाढतात, आणि अखेरच्या प्रकारात १७७ घरे होतात. मजकूर जितका लांब, तितकी घरे अधिक. येथेच आपली नेहमीची चूक होते. आपण चौकोनाची लांबी-रुंदी पाहतो. मोबाइल मात्र घर पाहतो. एक घर किती मोठे आहे, हेच खरे माप होय.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्या खात्याचा पत्ता आणि दुकानाचे नाव मिळून ६० अक्षरांचा रोमन मजकूर आहे असे समजा. दुरुस्तीची मध्यम तजवीज ठेवल्यास तो ३३ घरांच्या चौकोनात मावतो. त्याच मजकुरात लांबलचक टिपण, रक्कम, संदर्भ क्रमांक इत्यादी घालून तो १२० अक्षरांवर नेला, तर ४५ घरे लागतात. दोन्ही चौकोन ६० मिलिमीटरचेच छापले, तर पहिल्यातील एक घर सुमारे १.८ मिलिमीटरचे होते आणि दुसऱ्यातील सुमारे १.३ मिलिमीटरचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. परंतु दुसरा चौकोन पहिल्याइतक्याच सुलभतेने वाचला जावा असे वाटत असेल, तर तो ८२ मिलिमीटरचा छापला पाहिजे. म्हणून आकार वाढविण्यापूर्वी मजकूर कमी करावा, हा पहिला नियम. जे शब्द गिऱ्हाइकास उपयोगी नाहीत, ते चौकोनात कोंबू नयेत.

वर 'दुरुस्तीची तजवीज' असे म्हटले, त्याचाही खुलासा केला पाहिजे. चौकोनाचा काही भाग मळला, फाटला किंवा झाकला गेला, तरी उरलेल्या भागावरून मजकूर पूर्ण लावता यावा, अशी व्यवस्था त्यात मुळातच केलेली आहे. तिच्या चार पायऱ्या असून त्यांवर सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान भरून निघते. हे ऐकून काही मंडळी सर्वांत वरची पायरी निवडतात आणि मध्यभागी पेढीचे मोठे चिन्ह बसवितात. परंतु ही व्यवस्था फुकट मिळत नाही. तेच ६० अक्षरांचे उदाहरण घेतले, तर वरच्या पायरीवर ३३ घरांची ४५ घरे होतात. म्हणजे चिन्हाची शोभा आली, पण घर बारीक झाले; आणि जी राखीव शक्ती मळ-डागांसाठी होती, ती चिन्हानेच खाऊन टाकली. दुकानाचे नाव चौकोनाच्या वर ठळक अक्षरांत लिहावे. त्याने शोभाही राहते आणि कामही होते.

अंतराविषयी एक साधा ठोकताळा रूढ आहे. जितक्या अंतरावरून चौकोन वाचावयाचा, त्याच्या एकदशांश त्याची बाजू असावी. हा हिशेब साधारण २५ घरांच्या विरळ चौकोनासाठी आहे. घरे वाढली की त्याच प्रमाणात बाजू वाढवावी. आमच्या दुकानात ७५ सेंटिमीटरसाठी निदान ७५ मिलिमीटर हवे होते, आणि ३३ घरांच्या हिशेबाने ९९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर. आम्ही ठेविले होते २२! आजचे चांगले मोबाइल याहून पुष्कळ लहान चौकोनही वाचतात, हे खरे आहे. पण ठोकताळा हा अडचणीच्या प्रसंगासाठी असतो. संध्याकाळचा अंधुक उजेड, थरथरणारा हात, ओरखडे पडलेली काच आणि पाठीमागची गर्दी या चारही गोष्टी एकत्र येतात, तेव्हाच त्याची किंमत कळते.

याच हिशेबाने निरनिराळ्या जागांचे माप काढता येते. बिलाच्या पावतीवरील चौकोन गिऱ्हाईक हातात धरून जवळून वाचते, तेथे २ ते ३ सेंटिमीटर पुरतात. गल्ल्यावरील पाटीस ८ ते १० सेंटिमीटर असावेत. दुकानातील भिंतीवर लावावयाचा आणि दीड मीटरवरून वाचावयाचा चौकोन १५ ते २० सेंटिमीटरचा हवा. उत्सवाच्या मंडपात वर्गणीसाठी फलक लावितात, त्याच्यापुढे माणसे तीन मीटरवर उभी असतात. तेथे ३० ते ४० सेंटिमीटरहून कमी असू नये. याउलट अरुंद दुकानात भिंतभर चौकोन लावण्यातही अर्थ नाही. तो संपूर्ण मोबाइलच्या दृष्टीत मावावा लागतो, आणि मागे सरकावयास जागा नसेल तर मोठेपणाच आड येतो.

चौकोनाभोवती कोरा समास सोडणे हाही मापाचाच भाग आहे. चारही बाजूंस चार-चार घरांइतकी जागा पांढरी राहिली पाहिजे. ३३ घरांचा चौकोन दोन मिलिमीटरच्या घरांनी छापला, तर तो ६६ मिलिमीटरचा होईल. त्यास प्रत्येक बाजूस ८ मिलिमीटरचा समास धरून एकंदर ८२ मिलिमीटर जागा द्यावी लागेल. जागा वाचविण्यासाठी छापखान्यात हा समास कापला जातो आणि त्याला खेटून वेलबुट्टी बसविली जाते. मग चौकोन कोठे संपला व वेलबुट्टी कोठे सुरू झाली, हे यंत्रास उमगत नाही. आमच्या पितळी चौकटीत नेमके हेच घडले होते.

छपाईच्या यंत्राचीही एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. पावत्या छापणारी उष्णतेवर चालणारी साधी यंत्रे बहुधा एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके उमटवितात. प्रत्येक घरास प्रत्येक बाजूस निदान ४ ठिपके मिळावेत, असा संकेत आहे. म्हणजे घर अर्ध्या मिलिमीटरहून लहान असू नये. ५८ मिलिमीटर रुंदीच्या गुंडाळीवर प्रत्यक्ष छपाईस ४८ मिलिमीटर मिळतात. त्यात समासासह ९६ घरेच नीट बसतात. देण्याघेण्याचा साधा चौकोन येथे सहज मावतो. परंतु जीएसटीच्या ई-बीजकावरील चौकोनाची गोष्ट वेगळी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांस आपसांतील व्यवहारासाठी ही बीजके करावी लागतात. त्यांच्या चौकोनात दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बीजकाचा क्रमांक, तारीख, रक्कम, ६४ अक्षरांचा नोंदणी-संदर्भ आणि शिवाय डिजिटल स्वाक्षरी असते. साहजिकच एका बाजूची घरे शंभराच्या आसपास जातात. असा चौकोन कोपऱ्यात दोन सेंटिमीटरमध्ये कोंबला, तर एकेक घर एक-पंचमांश मिलिमीटरचे उरते. तपासणीच्या वेळी तो वाचला गेला नाही, तर खोळंबा आपल्याच मालाचा होतो. म्हणून मोठ्या कागदावर चांगल्या यंत्राने, पाच सेंटिमीटरच्या आसपास जागा देऊन तो छापावा, असे आमचे मत आहे.

आमच्या या म्हणण्यावर मित्रमंडळींनी तीन आक्षेप घेतले. पहिला असा की, मोबाइल वर्षागणिक सुधारत आहेत, तेव्हा ही मोजमापे हवीत कशाला? यावर आमचे उत्तर असे की, मोबाइल कोणता घ्यावयाचा हे गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे ठरविते. महागड्या मोबाइलवाल्याचे काम लहान चौकोनानेही होते. अडते ते जुना मोबाइल बाळगणाऱ्या शेतकऱ्याचे, मोलकरणीचे, वृद्धाचे. दुकान सर्वांसाठी उघडे आहे असे आपण म्हणत असू, तर माप सर्वांत साध्या मोबाइलवरून ठरविले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, पाटी तयारच मिळते, तीत आपण काय करणार? तयार पाटी बहुधा पुरेशी मोठीच असते. पण ती कोठे ठेवावयाची, हे आपल्याच हाती आहे. तिच्यावर दिव्याचा झगझगीत प्रकाश पडतो की काय, ती काचेआड आहे की काय, ती फार उंचावर टांगली आहे की काय, हे पाहणे कोणा दुसऱ्याचे काम नाही. अंतर निम्मे केले, तर चौकोन दुप्पट केल्यासारखेच आहे. कित्येक दुकानांत पाटी एक हात पुढे सरकविली तरी पुरे, एक पैसाही खर्च होणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. मोठ्या पाटीवर कोणी आपला चौकोन चिकटवून पैसे परस्पर लाटील, त्यापेक्षा लहानच बरी, असे काहींचे म्हणणे. भीती रास्त आहे. असे प्रकार घडलेले आहेत. परंतु आमचा अनुभव उलट आहे. दुकानभर चिकटविलेल्या दहा लहान चौकोनांपैकी एकावर दुसरा चिकटविला, तर तो आठ-आठ दिवस लक्षात येणार नाही. गल्ल्यासमोर एकच मोठी पाटी असेल, तर मालकाची नजर तिच्यावर दिवसभर राहते. सकाळी दुकान उघडताना तिच्यावरून एकदा हात फिरवावा, आणि पैसे पाठविण्यापूर्वी मोबाइलवर दिसणारे नाव वाचून पाहण्यास गिऱ्हाइकास सांगावे. ते नाव पाटीवर ठळक छापलेले असले, म्हणजे ताडून पाहणे सोपे जाते.

आमच्या सीमाभागापुरता आणखी एक विचार येथे नमूद करावासा वाटतो. आमच्या गल्ल्यापुढे मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच दिवसात उभी राहतात. पाटीवरील अक्षरे सर्वांना वाचता येतातच असे नाही. हा चौकोन मात्र सर्वांस सारखाच वाचता येतो, हे त्याचे मोठे सामर्थ्य. ते सामर्थ्य आपण बारीक छपाईने घालवू नये.

आपल्या पेढ्यांना मापांतील बदल नवीन नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचा हिशेब कोणी कोणास सोडावयाचा, हा प्रश्न दर व्यवहारात येणार हे उघडच होते. पाठोपाठ शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम आणि गजाच्या जागी मीटर आला. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या दिवसांची एक आठवण सांगत असत. गिऱ्हाइकास नवा हिशेब कळला नाही, तर तो समजावून सांगावयाचा, त्यास अडाणी म्हणावयाचे नाही, अशी ताकीद दुकानातील सर्व माणसांस होती. साधन बदलले, पण ती ताकीद आजही तशीच लागू आहे. आम्ही ती विसरलो, म्हणून एक गिऱ्हाईक मान खाली घालून आमची पायरी उतरले.

तेव्हा आमची संघास एक नम्र सूचना आहे. संघाच्या कार्यालयात एक नमुना-पाटी ठेवावी. तिच्यावर २, ५, ८ आणि १० सेंटिमीटरचे चौकोन शेजारी-शेजारी छापलेले असावेत. सभासदांनी आपल्या दुकानातील अंतर मोजून यावे आणि त्याच अंतरावरून साध्या मोबाइलने ते वाचून पाहावेत. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट शंभर उपदेशांहून अधिक पटते. नवी पाटी छापण्यापूर्वी कच्ची प्रत साध्या कागदावर काढून तीन निरनिराळ्या मोबाइलवर, दिवसा आणि दिवेलागणीस, अशी पारखून घ्यावी. मोबाइलवर आलेले चित्र ताणून मोठे करू नये, त्याने घरांच्या कडा पुसट होतात. छापखान्यास मूळ फाइलच द्यावी. पांढऱ्यावर काळा हाच रंग उत्तम. सोनेरीवर तांबडा वगैरे हौस लग्नपत्रिकेपुरती ठेवावी. चकचकीत आवरणाऐवजी मंद आवरण घ्यावे. एवढे केले, तर दोनशे-तीनशे रुपयांच्या पाटीत पुष्कळ वर्षांचे काम होईल.

आमच्या गल्ल्यावर आता १० सेंटिमीटरचा चौकोन आहे. वेलबुट्टी नाही, काच नाही. पाटी गिऱ्हाइकाच्या हाताशी, थोडी मागे कललेली. पितळी चौकट माळ्यावर गेली. दुकानातील माणसांस एकच सांगून ठेविले आहे की, चौकोन वाचला गेला नाही, तर प्रथम आपली पाटी पुढे सरकवावी; मोबाइलला नाव ठेवू नये. ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आमच्या दुकानी आले नाहीत. त्यांच्या नातीसाठी फाडलेले कापड आम्ही अद्याप विकलेले नाही. घडी करून गल्ल्यामागच्या फळीवर, जेथे पूर्वी ती चौकट होती, तेथेच ठेविले आहे. आपल्या दुकानाचा चौकोन आज रात्री एकदा पट्टी लावून मोजावा, एवढीच आमची सर्व सभासदांस विनंती आहे.